४५ अंशांचा गार वारा

पूर्व विदर्भातल्या आमगावात मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता रस्त्यावर कोण असतं? कुत्रंसुद्धा नसतं! नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की बाजार सामसूम होतो, दुकानांची शटरं अर्धी खाली येतात. चुकून कोणी सायकलवर दिसलाच, तर त्याचे फक्त डोळे दिसतात. नाक, कान, तोंड सगळं दुपट्ट्यात गुंडाळलेलं. पारा ४४-४५ च्या घरात. आजी आतूनच दम देते, "बाहेर पाय ठेवशील तर खबरदार, ऊन लागन!" मग पोरांनी करायचं काय? पंख्याखाली बसायचं आणि कॉम्प्युटर सुरू करायचा.

आता एक गंमत सांगतो. ज्या झळांनी आपला जीव कासावीस होतो, तीच ४५ अंशांची हवा तुमच्या कॉम्प्युटरमधल्या एका तुकड्याला गार लागते. उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नाही हं, खरोखरच गार! ती अंगावरून वाहिली की तो निवतो. त्या तुकड्याचं नाव प्रोसेसर.

आपल्या अंगात ३७ च्या जागी ३९ अंश झाले की आई शाळेत पाठवत नाही. हा पठ्ठ्या मात्र ७० अंशांवर मजेत गणितं सोडवत बसलेला असतो. मग त्याला ताप आलाय असं म्हणायचं तरी कधी? ८० ला? ९० ला? की १०० ला? चला, शोधू या.

आधी तो आहे कुठे?

टेबलाखाली जो उभा डबा असतो, त्याला आपण सगळेच 'सीपीयू' म्हणतो. दुकानदारही तेच म्हणतो. पण खरा प्रोसेसर त्या डब्याच्या आत, मदरबोर्ड नावाच्या पाटीवर बसलेला असतो. डब्याचं बाजूचं पत्र्याचं झाकण काढून आत डोकावता येतं. त्याला तीन अटी: कॉम्प्युटर बंद, प्लग भिंतीतून काढलेला आणि शेजारी घरातलं मोठं माणूस.

झाकण काढलं तरी प्रोसेसर काही दिसत नाही. दिसतो एक पंखा. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पातळ पात्या, एकीला लागून एक, मधे थोडी फट ठेवून उभ्या केलेल्या. या सगळ्या पात्यांना मिळून हीटसिंक म्हणतात. हीटसिंकच्या खाली धातूची एक चौकोनी, चकचकीत टोपी. आणि त्या टोपीच्याही खाली लपलेला सिलिकॉनचा एक करडा तुकडा. हाच आपला हिरो! घरच्या साध्या कॉम्प्युटरमध्ये हा तुकडा बऱ्याचदा जेमतेम दीड-दोन चौरस सेंटिमीटरचा असतो. बाबांच्या अंगठ्याखाली सहज झाकून जाईल.

काहून तापतो हा?

या तुकड्यावर ट्रान्झिस्टर असतात. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचं अतिशय बारीक बटण: चालू, बंद, चालू, बंद. इंटेल कंपनीचा पहिला मायक्रोप्रोसेसर '४००४' हा १९७१ साली बाजारात आला, तेव्हा त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९९३ साली 'पेंटियम' आला, त्यात ३१ लाख. हा पेंटियम घडवणाऱ्या चमूचं नेतृत्व विनोद धाम यांनी केलं होतं, आणि त्यांचा जन्म आपल्या पुण्यातला बरं का! आजच्या प्रोसेसरमध्ये शेकडो कोटी ट्रान्झिस्टर मावतात.

यातली बटणं एका सेकंदात अब्जावधी वेळा उघडझाप करू शकतात. प्रत्येक वेळी थोडीशी वीज आत भरावी लागते आणि परत रिकामी करावी लागते. वीज बारीक तारांतून ये-जा करते, तारा तिला थोडा अडथळा करतात, आणि त्या अडथळ्यापायी उष्णता तयार होते. एका बटणाची उष्णता नगण्य. पण शेकडो कोटी बटणं, अब्जावधी उघडझापा! प्रोसेसर जेवढी वीज खातो, तिची शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. तुम्ही त्याच्याकडून बेरीज करून घ्या, गाणं वाजवून घ्या नाहीतर गाड्यांची शर्यत खेळा, ६५ वॅट वीज खाल्ली की ६५ वॅट उष्णता बाहेर.

६५ वॅट म्हणजे फार नाही असं वाटतं ना? घरातली इस्त्री आठवा. तिचा तवा साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा आणि ती घेते १,००० वॅट. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. आता प्रोसेसर: ६५ वॅट, जागा २ चौरस सेंटिमीटर. करा भागाकार. ३२ च्या वर! इस्त्रीच्या सहापट उष्णता तेवढ्याच जागेतून बाहेर पडू पाहतेय. ती तिथून पटकन हलवली नाही, तर काही सेकंदांत प्रोसेसरची शंभरी भरेल.

उष्णता बाहेर कशी पडते?

तिच्या मागोमाग आपणही निघू. सिलिकॉनमधून ती धातूच्या टोपीत जाते. टोपी तांब्याची असते, वरून निकेलचा मुलामा. तांबं उष्णता भराभर पुढे ढकलतं. टोपीच्या डोक्यावर हीटसिंक बसलेला असतो. आता वाटेल, धातूला धातू चिकटला, काम झालं. पण नाही!

दोन्ही धातू हाताला गुळगुळीत लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्हींवर खड्डे आणि उंचवटे दिसतात. एकावर एक ठेवले की उंचवटे एकमेकांना टेकतात आणि खड्ड्यांत हवा अडकते. हवा या कामात अगदी ढ. तांबं हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट सहज उष्णता वाहून नेतं. म्हणून ती अडकलेली हवा हटवायला दोघांच्या मधे एक करडा, चिकट लेप लावतात. त्याचं नाव थर्मल पेस्ट. ही पेस्ट तांब्याच्या तोडीची मुळीच नसते, पण हवेच्या दोन-तीनशे पट बरी असते. थोडीशीच लावायची. थापून थापून जाड थर दिला तर तो थरच वाटेत आडवा येतो. काही वर्षांनी ही पेस्ट वाळते, तिचा कस जातो. मग जुनी पुसून नवी लावावी लागते, आणि ते काम जाणत्या माणसाचं.

पेस्ट ओलांडली की हीटसिंक. तिथे उष्णता सगळ्या पात्यांत पसरते. इतक्या पात्या कशाला? हवेला जास्तीत जास्त जागा शिवता यावी म्हणून! शेवटी पंखा त्या फटींमधून हवा ढकलतो, हवा उष्णता उचलते आणि डब्याच्या मागच्या जाळीतून बाहेर पडते. तिथे हात धरून बघा, कोमट वारा लागेल. ती तुमच्या खेळाची उष्णता!

पंखा हवा थंड करतच नाही

आता मुख्य गोष्ट. कान टवकारा.

आपल्याला पंख्याखाली गार वाटतं, कारण आपल्याला घाम येतो. पंख्याच्या वाऱ्याने घाम उडून जातो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पंखा हवेचं तापमान एका अंशानेही उतरवत नाही. विश्वास बसत नसेल तर भिंतीवरचा थर्मामीटर पंख्यासमोर धरून पाहा, पारा ढिम्म हलणार नाही.

प्रोसेसरला घाम येत नाही. मग त्याला पंख्याचा उपयोग काय? तर तो हवेपेक्षा जास्त तापलेला असतो म्हणून. उष्णता नेहमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते. प्रोसेसर ७५ अंशांवर असेल तर ४५ अंशांची हवा त्याच्यापेक्षा तब्बल ३० अंशांनी गार! आमगावची मे महिन्यातली दुपार त्याला चालते ती यामुळे.

पण यातच एक मेख आहे. साध्या पंख्याने प्रोसेसर कधीच खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही. तो खोलीच्या तापमानाच्या वरच राहतो. किती वर? ते दोन गोष्टींवर ठरतं: तो किती वीज खातोय, आणि हीटसिंक-पंखा किती चांगला आहे. या फरकाला आपण 'चढ' म्हणू.

प्रोसेसरचं तापमान = खोलीचं तापमान + चढ

समजा, डिसेंबरातली संध्याकाळ आहे. पूर्व विदर्भात तेव्हा कडाका असतो, खोलीत २० अंश आहेत. तुम्ही गाड्यांची शर्यत खेळताय आणि प्रोसेसर ५७ अंश दाखवतोय. चढ किती? ३७. आता तोच कॉम्प्युटर, तोच खेळ, तोच पंखा, फक्त महिना मे आणि खोलीत ४० अंश. चढ जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे ७७! कॉम्प्युटर बिघडलाय का? छे. बिघडलंय ते हवामान.

आता याच कॉम्प्युटरच्या पात्यांमध्ये वर्षभर धूळ साचली आणि चढ ३७ वरून ५८ झाला असं धरू. डिसेंबरात ७८ दिसतील. कोणाच्या लक्षातही येणार नाही. मे उजाडला की ९८! आणि मग घरात आरडाओरडा, "उन्हाळ्याने कॉम्प्युटर बिघडला!" उन्हाळा बिचारा फुकट बदनाम. दुखणं आधीपासूनच होतं, मे महिन्याने ते फक्त उघडं पाडलं.

१०० लाच का अडायचं?

पाणी १०० अंशांना उकळतं म्हणून? नाही हो, प्रोसेसरात पाणी कुठलं! सिलिकॉन वितळतं म्हणून? तेही नाही. सिलिकॉन वितळायला तब्बल १,४१४ अंश लागतात.

कारणं वेगळी आहेत. एक: ट्रान्झिस्टरचं बटण 'बंद' असलं तरी त्यातून थोडी वीज पाझरतच असते, आणि तापमान वाढलं की हा पाझर वाढतो. पाझर वाढला की आणखी उष्णता, उष्णता वाढली की आणखी पाझर. दुष्टचक्रच! दोन: तापलेल्या तारांमधून वीज जायला जास्त अडथळा होतो, संदेश उशिरा पोहोचतात आणि हिशेब चुकू शकतात. तीन: आतल्या तारा इतक्या बारीक असतात की वाहणारे इलेक्ट्रॉन तांब्याच्या अणूंनाच हळूहळू पुढे ढकलत नेतात. वर्षानुवर्षं असं चाललं की कुठेतरी तार झिजून तुटू शकते. जितकी उष्णता जास्त, तितकी झीज लवकर.

म्हणून कंपन्या प्रत्येक प्रोसेसरला एक कमाल मर्यादा ठरवून देतात. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे. एएमडी कंपनीच्या 'रायझन ७०००' मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरांची ९५, आणि त्याच मालिकेतल्या '७८००एक्स३डी' ची ८९. म्हणजे शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लागू पडेलच असं नाही. आपल्या प्रोसेसरचं पूर्ण नाव बघायचं आणि कंपनीने त्याला दिलेली मर्यादा शोधायची.

तरी ९५-१०० मर्यादा असलेल्यांसाठी ढोबळ अंदाज हवाच असेल, तर हा घ्या:

• नुसता सुरू आहे, काम काही नाही: ३५ ते ५५. उन्हाळ्यात वरच्या टोकाला.
• खेळ किंवा जड काम: ६० ते ८०. मजेत आहे.
• सतत ८५ ते ९०: धोका नाही, पण धूळ, पंखा आणि डब्याची जागा तपासा.
• ९५ ते १००: मर्यादा आली. आता तो स्वतःच काहीतरी करणार.

एक अपवाद सांगून ठेवतो. 'रायझन ७०००' मधले काही ताकदवान प्रोसेसर पूर्ण जोर लावताना ९५ पर्यंत जाणार आणि तिथेच टिकून काम करणार, अशाच बेताने बनवलेले आहेत. त्यांचा ९५ दिसला म्हणून लगेच पळापळ करायची नाही.

स्वतःला सांभाळणारा शहाणा

स्वतःच काहीतरी करणार म्हणजे काय? प्रोसेसरच्या आतच तापमान मोजणारे बारीक सेन्सर असतात. मर्यादा जवळ आली की तो आपला वेग कमी करतो. वेग कमी, म्हणजे वीज कमी, म्हणजे उष्णता कमी. खेळ अडखळायला लागतो, चित्र थांबत थांबत पुढे सरकतं. आपण चिडतो, टेबलावर थाप मारतो. तो मात्र जीव वाचवत असतो. एवढं करूनही तापमान चढतच राहिलं तर तो सरळ बंद पडतो.

हा शहाणपणा सगळ्यांकडे आधीपासून नव्हता. संगणकाच्या भागांची परीक्षा घेणाऱ्या काही मंडळींनी २००१ साली एक धाडस केलं. कॉम्प्युटर चालू असताना त्यांनी प्रोसेसरवरचा हीटसिंकच उचलून बाजूला काढला! 'पेंटियम ४' रांगू लागला, पण तगला. त्या काळचा एएमडीचा 'ॲथलॉन' मात्र धूर सोडून जळून गेला. आज सगळ्याच प्रोसेसरांत स्वतःला सांभाळायची सोय असते. म्हणून तुम्ही हा प्रयोग करून बघायचा का? अजिबात नाही!

मोठ्यांचे मोठे उपाय

एका प्रोसेसरचं हे, तर हजारो प्रोसेसर एका खोलीत असतील तर? डॉ. विजय भटकर आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्याच परम घराण्यातला 'परम ब्रह्म' आता पुण्याच्या आयसर संस्थेत आहे. त्याला नुसत्या हवेवर भागत नाही. त्याच्या तापणाऱ्या भागांपर्यंत नळ्यांमधून पाणी फिरवतात आणि ते पाणी उष्णता घेऊन जातं. फेसबुकने वेगळाच मार्ग काढला. त्यांनी २०१३ साली उत्तर स्वीडनमधल्या लुलेओ गावी आपले हजारो संगणक नेऊन ठेवले आणि तिथली गारठलेली हवा आत खेळवली. खोलीचं तापमानच खाली आणलं! आपलीच बेरीज, बघा.

मग आमगावात काय करायचं?

लुलेओची हवा आपण आणू शकत नाही. पण बेरजेतले दोन्ही आकडे थोडे थोडे उतरवू शकतो.

खोलीचा आकडा कूलरने उतरतो. मे महिन्यातली आपली हवा खडखडीत कोरडी, म्हणून कूलरच्या ओल्या ताट्यांमधून जाताना ती दहा-पंधरा अंशांनी निवू शकते. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा कूलरची जादू चालत नाही. फक्त कॉम्प्युटर कूलरच्या थेट तोंडासमोर ठेवू नका; पाण्याचे तुषार आत गेले तर घात होईल. वीज गेली की कूलर बंद पडतो आणि कॉम्प्युटर यूपीएसवर चालूच राहतो. अशा वेळी खेळ आवरता घ्या.

चढाचा आकडा उतरवायला डब्याला मोकळा श्वास द्या. काही टेबलांना दार असलेला कप्पा असतो आणि डबा त्यात कोंडलेला. तिथे तीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढली जाते. डबा बाहेर काढा, मागची जाळी भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. आईने हौसेने शिवलेलं कापडी कव्हर फक्त कॉम्प्युटर बंद असताना घालायचं.

आणि धूळ! आपला भाग धानाचा. चुरणी सुरू झाली की तुसाची, कोंड्याची बारीक भुकटी हवेत तरंगते. राइस मिलजवळ राहणाऱ्यांना तर सांगायलाच नको. पंखा ती भुकटी आत ओढतो आणि ती हीटसिंकच्या पात्यांवर बसते. हळूहळू तिचा करडा थर इतका दाट होतो की नखाने उचलला तर सलग पापुद्रा निघतो. मग पंखा कितीही गरगरला तरी फटीतून हवा जाणार कुठून? म्हणून दिवाळीच्या सफाईत एकदा आणि उन्हाळा लागण्याआधी एकदा, मोठ्यांच्या मदतीने, कोरड्या मऊ ब्रशने किंवा हवेच्या ब्लोअरने धूळ काढायची. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून खराब होऊ शकतो. ओलं फडकं वापरायचं नाही. आणि वीज पुरवणारा जो बंद डबा आत असतो, तो मोठ्यांनीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते.

करून पाहा

एक वही घ्या आणि भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर. कॉम्प्युटर सुरू होताना 'डिलीट' किंवा 'एफ २' चं बटण दाबलं की बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये 'बायोस' नावाचा पडदा उघडतो. त्यात 'हार्डवेअर मॉनिटर' पाशी प्रोसेसरचं तापमान दिसतं. तिथे फक्त वाचायचं, काही बदलायचं नाही! दहा मिनिटं थांबा, म्हणजे आकडा स्थिरावेल. मग तारीख, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान आणि वजाबाकी करून आलेला चढ, असे चार रकाने भरा. सकाळी एकदा आणि भर दुपारी एकदा. आठवड्यातून एक दिवस पुरे.

दुपारी प्रोसेसरचा आकडा उड्या मारत वर गेला तरी चढ बहुधा फारसा हलणार नाही. पण महिने लोटले आणि चढच वाढू लागला, तर समजा की धूळ साचतेय, पंखा थकलाय किंवा पेस्ट वाळलीय. कॉम्प्युटर बंद पडायच्या आधी तुमच्या वहीने ते हेरलेलं असेल.

आता एक कोडं. दोन मैत्रिणींकडे अगदी एकसारखे कॉम्प्युटर आहेत आणि दोघी एकच खेळ खेळतात. पहिलीने डिसेंबरात नोंद केली: खोली १८, प्रोसेसर ६२. दुसरीने मे महिन्यात केली: खोली ४१, प्रोसेसर ७९. ब्रश घेऊन आधी कोणाच्या घरी जायचं? ७९ बघून धावत सुटू नका. आधी वजाबाकी करा.